हॅम रेडिओ: परवाना, उपक्रम आणि घडामोडी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी रेडिओ म्हणजेच हॅम रेडिओविषयी महाराष्ट्रातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हॅम रेडिओ म्हणजे नेमके काय? आकाशवाणी किंवा पोलिसांच्या वायरलेसपेक्षा तो वेगळा कसा?

आकाशवाणी प्रसारण करते, म्हणजे एक जण बोलतो आणि लाखो लोक ऐकतात. पोलिसांचे वायरलेस खात्याच्या कामापुरते असते. हॅम रेडिओ ही परवानाधारक व्यक्तींची आपसात बोलण्याची सेवा आहे. स्वतः शिकणे, उपकरणांवर प्रयोग करणे आणि जगभरातील इतर हौशींशी संपर्क साधणे हा तिचा हेतू असतो आणि त्यात पैशाचा कोणताही व्यवहार नसतो. या सेवेसाठी आंतरराष्ट्रीय कराराने ठरावीक फ्रिक्वेन्सी राखून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक परवानाधारकाला जगात दुसऱ्या कोणाचीही नसलेली कॉल साइन, म्हणजे अक्षरे आणि आकडे मिळून बनलेली ओळख, मिळते. भारतातील वैयक्तिक कॉल साइन ‘व्हीयू’ने सुरू होते.

२. हातात मोबाइल असताना या सगळ्याची गरज काय?

मोबाइल चालण्यासाठी टॉवर, त्या टॉवरची वीज आणि त्याला जोडणारी केबल शाबूत असावी लागते. हॅमचा संच गाडीच्या बॅटरीवर आणि दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारेवर चालतो, कारण त्याला मध्यस्थ यंत्रणा लागतच नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाने भुज उद्ध्वस्त झाले, तेव्हा देशाच्या वेगवेगळ्या भागांतून हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, आपले संच घेऊन तेथे पोहोचले होते.

सर्वांत बोलके उदाहरण अंदमानचे आहे. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमेच्युअर रेडिओचा चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला गेला होता. अनेक वर्षांच्या खंडानंतर त्या द्वीपसमूहातून हौशी रेडिओचे संकेत येत होते, आणि ‘व्हीयू४आरबीआय’ ही कॉल साइन आपल्या नोंदवहीत यावी म्हणून जगभरातील हौशी रात्र रात्र जागत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि पाठोपाठ त्सुनामी आली. बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला आणि छंदासाठी उभारलेले ते केंद्र मदतकार्याचे केंद्र बनले. बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील नातलगांपर्यंत पोहोचवणे आणि बेटाबेटांतील संपर्क टिकवून धरणे, ही कामे त्या संचांवरून झाली. हे शक्य झाले याचे कारण चमूचा रोजचा सराव चालू होता. कपाटात ठेवलेला संच ऐन आपत्तीत उपयोगी पडत नाही, हे आम्ही प्रत्येक नवशिक्याला आवर्जून सांगतो.

आपत्ती नसतानाही असे काम चालते. गंगासागरच्या जत्रेत चुकलेल्या माणसांना घरी पोहोचवण्याचे वेस्ट बंगाल रेडिओ क्लबचे काम सर्वपरिचित आहे.

३. परवाना मिळेपर्यंत काय करावे? नुसते ऐकता येईल का?

ऐकता येईल, आणि सुरुवात ऐकण्यापासूनच करावी. त्यासाठी संचही लागत नाही. ‘वेबएसडीआर’ म्हणजे कोणीतरी आपल्या अँटेनाला जोडलेला रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केलेला असतो. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा असा रिसीव्हर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि त्यावर सगळ्या शॉर्टवेव्ह पट्ट्या (फ्रिक्वेन्सींचे ठरावीक टप्पे) ऐकता येतात. संध्याकाळी १४.१५० ते १४.३०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान हळूहळू पुढे सरकत राहा. कोण कोणाला कसे पुकारते, कॉल साइन कधी सांगतात, दोघांचे बोलणे चालू असताना तिसरा कसा थांबतो, हे महिनाभर ऐकल्यावर जितके कळते तितके कोणत्याही पुस्तकातून कळत नाही.

४. परवाना कोण देते आणि किमान वय किती?

भारतात हा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन ही शाखा देते. तिचा उल्लेख सर्वत्र ‘डब्ल्यूपीसी’ असाच होतो. किमान वय १२ वर्षे आहे. शिक्षणाची कोणतीही अट नाही, त्यामुळे शाळकरी मुले, गृहिणी, शेतकरी, निवृत्त कर्मचारी असे सर्वच परीक्षेला बसतात. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो. आतापर्यंतची व्यवस्था १९७८ च्या हौशी सेवा नियमांवर आणि त्यांच्या २००९ च्या दुरुस्तीवर उभी आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर जुन्या कायद्यांखालचे नियम टप्प्याटप्प्याने बदलले जात आहेत. म्हणून शुल्क, मुदत आणि कागदपत्रे यांची माहिती दोन वर्षांपूर्वीच्या पत्रकावरून न घेता अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच पाहावी.

५. रिस्ट्रिक्टेड की जनरल? नवशिक्याने कोणत्या परीक्षेला बसावे?

२००९ च्या दुरुस्तीने हे दोनच दर्जे ठेवले. दोन्ही परीक्षांत एक भाग रेडिओच्या तंत्राचा आणि एक भाग नियमांचा असतो. जनरलसाठी याशिवाय मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) घेता आणि पाठवता यावे लागते. एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्ह, पट्ट्यांत रिस्ट्रिक्टेडला ५० वॉट आणि जनरलला ४०० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते. कॉल साइनवरूनही दर्जा ओळखता येतो, कारण ‘व्हीयू३’ रिस्ट्रिक्टेड असते आणि ‘व्हीयू२’ जनरल.

आमचा सल्ला असा की मोर्सची भीती वाटत असेल तर आधी रिस्ट्रिक्टेड द्यावी, पण मोर्सचा सराव त्याच दिवशी सुरू करावा. मोर्स डोळ्यांनी शिकू नये. टिंब-रेघांचा तक्ता पाठ करणारे विद्यार्थी पाच शब्दांवर अडकतात, कारण प्रत्येक अक्षर ऐकल्यावर ते मनातल्या तक्त्यात शोधतात. अक्षराचा नाद थेट कानावर बसला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक अक्षर सुरुवातीपासूनच वेगात ऐकावे आणि दोन अक्षरांमधले अंतर तेवढे मोठे ठेवावे.

महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी मुंबई आणि नागपूर येथील वायरलेस मॉनिटरिंग स्टेशने जवळची आहेत. मुंबई अ‍ॅमेच्युअर रेडिओ सोसायटीसारख्या संस्था परीक्षेपूर्वी मार्गदर्शन करतात. एकट्याने अभ्यास करण्यापेक्षा अशा गटात बसणे केव्हाही चांगले.

६. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारा हँडी (हातात धरायचा संच) घेऊन ठेवला तर चालेल का?

परवाना हातात येण्यापूर्वी घेऊ नये. प्रक्षेपण करू शकणारा संच बाळगण्यासाठीच परवाना लागतो, आणि ‘मी फक्त ऐकत होतो’ हे उत्तर तेथे पुरत नाही. असे स्वस्त संच हौशी पट्ट्यांच्या बाहेर, अगदी पोलिसांच्या आणि विमानतळांच्या जवळच्या फ्रिक्वेन्सींवरही प्रक्षेपण करू शकतात, म्हणून ही बाब गंभीर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स संकेतस्थळांवरील वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘संकेतस्थळावर मिळतो म्हणजे कायदेशीर असणार’ हा समज सोडून द्यावा.

परवाना मिळाल्यावर पहिला संच दोन मीटर पट्टीचा हँडी असावा. भारतात ही पट्टी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. शहरातल्या रिपीटरवर (आलेला संकेत पकडून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या यंत्रणेवर) रोज बोलणे होते आणि ओळखी वाढतात. जुना एचएफ संच घ्यायचा असेल, तर तो अनुभवी हॅमकडून चालवून पाहूनच घ्यावा.

७. सह्याद्रीत ट्रेकला जाताना आमच्या गटाला वॉकीटॉकी हवे आहेत. त्यासाठी प्रत्येकाने परीक्षा द्यायची का?

नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या संचांना २०१८ पासून परवान्यातून सूट आहे. उपकरण भारतात मान्यताप्राप्त असेल आणि फक्त याच फ्रिक्वेन्सींवर चालत असेल, तर कोणीही ते वापरू शकतो. गडाच्या एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर बोलण्यासाठी ते पुरते, मात्र मध्ये कडा आला की आवाज तुटतो. हॅमचा हँडी परवाना नसलेल्या सोबत्यांना वाटणे मात्र नियमबाह्य आहे. त्याची कारणे प्रश्न १४ मध्ये आहेत.

८. आम्ही सोसायटीत राहतो. गच्चीवर अँटेना कशी बसवावी आणि परवानगीचे काय?

डब्ल्यूपीसीचा परवाना सोसायटीच्या गच्चीवर आपोआप हक्क देत नाही. कार्यकारिणीला लेखी अर्ज द्यावा, सोबत परवान्याची प्रत आणि अँटेनाचा साधा आराखडा जोडावा आणि लेखी ना-हरकत पत्र घ्यावे. लोकांच्या मनात मोबाइल टॉवरचे चित्र असते. आपण एक पातळ तार बांधणार आहोत, हे प्रत्यक्ष तार दाखवूनच सांगावे. ‘आमचा टीव्ही बिघडेल’ ही शंका हमखास येते. तिला उत्तर म्हणून पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांना विचारून चाचणी घेण्याची तयारी दाखवावी.

तार किती लांब असावी, याचे गणित सोपे आहे. अर्ध-तरंग डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाची) मीटरमधील लांबी काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २०.१ मीटर येते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. कापताना प्रत्येक बाजू वीतभर जास्त ठेवावी, कारण कापलेली तार पुन्हा जोडण्यापेक्षा थोडी थोडी छाटणे सोपे असते. मधला बिंदू पाण्याच्या टाकीवर उभ्या केलेल्या बांबूला किंवा पीव्हीसी पाइपला बांधावा आणि दोन्ही टोके नायलॉनच्या दोरीने कठड्याकडे तिरकी उतरवावीत. तार थेट लोखंडी कठड्याला टेकू देऊ नये. नंतर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे दाखवणारा) लावून, दोन्ही बाजू सारख्या छाटत, आकडा १.५ च्या खाली आणावा. वीजवाहिनीच्या जवळ मात्र कोणत्याही परिस्थितीत तार टाकू नये. तार तुटली तर ती कोठे पडेल, याचा विचार बांधण्यापूर्वी करावा.

९. पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात विजांचा धोका सर्वाधिक असतो. ढगांचा पहिला गडगडाट ऐकू येण्याआधीच केबल संचापासून काढून खिडकीबाहेर ठेवावी. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. कोकणात आणि मुंबईत खारी हवा वर्षभर काम करत असते. अँटेनापासून संचापर्यंत येणाऱ्या कोॲक्स केबलच्या टोकातून पाणी आत शिरले की आतली तांब्याची जाळी हिरवट-काळी पडते, आणि बाहेरून केबल नवी दिसत असूनही संकेत संचापर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक जोड आपोआप चिकटणाऱ्या रबरी टेपने बंद करावा आणि केबलला संचाच्या आधी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाते.

१०. प्रत्यक्ष बोलताना कसे बोलावे? मराठीत बोलता येते का?

बोलता येते. नियम साध्या, उघड भाषेची अपेक्षा करतात, आणि पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या हॅममध्ये मराठी गप्पा रोज होतात. कॉल साइन मात्र आंतरराष्ट्रीय पद्धतीने, म्हणजे ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ अशी फोड करून, संभाषणाच्या सुरुवातीला आणि शेवटी सांगावी. संभाषण लांबले तर मध्ये मध्येही सांगत राहावी. आधी ऐकावे, मग फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का हे विचारावे आणि उत्तर आले नाही तरच ‘सीक्यू’, म्हणजे ऐकणाऱ्या कोणासाठीही हाक, पुकारावे. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे इतर केंद्रांचा अडथळा, क्यूएसएल म्हणजे मिळाल्याची पोच, असे संकेत जगभर सारखे आहेत. सर्वांना माहीत असल्याने ते गुप्त भाषा ठरत नाहीत. बोलणे ‘७३’ या शुभेच्छेने संपवतात.

११. कधी युरोप स्पष्ट ऐकू येतो, कधी सोलापूरही नाही. माझ्या संचात बिघाड आहे का?

बहुधा नाही. शॉर्टवेव्ह आयनावरणावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून) परतून दूर जाते आणि आयनावरण सूर्यावर अवलंबून असते. ७ मेगाहर्ट्झवर दिवसा खालचा थर संकेत शोषून घेतो, त्यामुळे काही शे किलोमीटरचे संपर्क होतात. रात्री तो थर विरला की हजारो किलोमीटर दूरची केंद्रे ऐकू येतात. १४ मेगाहर्ट्झवर संकेत जवळच्या भागावरून उडी मारून पुढे जातात आणि दुपार-संध्याकाळी युरोप येतो. याखेरीज सुमारे ११ वर्षांचे सौरचक्र असते. पंचविसावे चक्र कमाल अवस्थेत पोहोचल्याचे नासाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. या काळात २१ आणि २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्या भरभरून चालतात, मात्र एखादी सौरज्वाला आली की दिवसा सगळी शॉर्टवेव्ह काही मिनिटांत गप्प होते. म्हणून नेमाने बोलणारे हॅम सकाळी सौरस्थितीची बातमी आधी पाहतात.

१२. वर्षभरात कोणते उपक्रम असतात? नवशिक्याने कशात भाग घ्यावा?

१८ एप्रिल हा जागतिक हौशी रेडिओ दिन आहे, कारण १९२५ मध्ये त्याच दिवशी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला. त्या संघावर भारताचे प्रतिनिधित्व अ‍ॅमेच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया करते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी स्काउट मुलांचा ‘जोटा’, म्हणजे रेडिओवरचा मेळावा, असतो, आणि शाळेत रेडिओ दाखवण्यासाठी याहून चांगली संधी नाही. वेगवेगळ्या शहरांत भरणारे हॅमफेस्ट इंडिया हे ओळखी करून घेण्याचे आणि जुने संच पाहण्याचे ठिकाण आहे.

स्पर्धांमध्ये सीक्यू वर्ल्डवाइड सर्वांत मोठी. तिचा बोलण्याचा भाग ऑक्टोबरच्या आणि मोर्सचा भाग नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारी असतो. आपल्या घड्याळानुसार ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. प्रत्येक संपर्कात फक्त ‘फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू’ एवढेच सांगायचे असते: ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे संकेत स्पष्ट आणि जोरदार येतो, आणि ‘ट्वेंटी टू’ कारण भारत बाविसाव्या विभागात येतो. इंग्रजी बोलण्याचा संकोच असणाऱ्यांनी येथूनच सुरुवात करावी. एकाच रात्रीत पन्नास देशांचे कान आपल्याकडे लागलेले असतात आणि शब्द लागतात चारच.

अंदमान आणि लक्षद्वीप यांची, जास्तीत जास्त देशांशी संपर्क केल्याबद्दल मिळणाऱ्या पुरस्कारांच्या यादीत, भारताहून वेगळी गणना होते. म्हणून ‘व्हीयू४’ आणि ‘व्हीयू७’च्या मोहिमांची बातमी आली की परदेशी हौशी सुट्ट्या टाकतात. भारतीय हौशींना अशा मोहिमेत सहभागी होण्याची संधी तुलनेने जवळ असते, तिचा उपयोग करावा.

१३. उपग्रहावरून बोलण्यासाठी मोठी डिश लागते का? अंतराळवीरांशी खरेच बोलता येते?

डिश लागत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते आणि त्यावरील हौशी रिपीटर साध्या हँडीनेही ऐकू येतो. रिपीटर चालू असेल तेव्हा १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झ टोनसह (रिपीटर उघडणाऱ्या हलक्या सुरासह) बोलायचे आणि ४३७.८०० वर ऐकायचे. स्थानक क्षितिजावर उगवताना डॉप्लर परिणामामुळे (वेगाने जवळ येणाऱ्या वस्तूची फ्रिक्वेन्सी वाढलेली भासते, त्यामुळे) संकेत ४३७.८१० च्या आसपास सापडतो, डोक्यावर असताना ४३७.८०० ला येतो आणि मावळताना ४३७.७९० पर्यंत उतरतो. म्हणून या तीन-चार फ्रिक्वेन्सी संचात आधीच साठवून ठेवाव्यात. संपूर्ण फेरी जेमतेम दहा मिनिटांची असते. रबरी अँटेना काढून हातात धरता येणारी छोटी यागी (एका दिशेने रोखायची अँटेना) घेतली आणि ती स्थानकाच्या मार्गाने फिरवत राहिले, की फरक लगेच कानाला कळतो. पहिल्या काही फेऱ्या फक्त ऐकाव्यात.

अंतराळवीरांशी बोलणे बहुधा शाळांसाठी आधी ठरवलेल्या कार्यक्रमांतून होते. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावरून भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला, तो याच हॅम रेडिओवरून.

भारताचा स्वतःचा इतिहासही अभिमानाचा आहे. ५ मे २००५ रोजी इस्रोने कार्टोसॅट-१ सोबत ‘हॅमसॅट’ पाठवला. त्याने २०१४ पर्यंत जगभरातील हौशींची सेवा केली. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेलेला ‘स्वयम्’ पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवला होता. जेमतेम किलोभर वजनाचा हा उपग्रह हौशींचे संदेश पोहोचवण्यासाठीच होता.

१४. कोणत्या गोष्टी करू नयेत? मित्राला माझ्या संचावर बोलू देता येईल का?

संगीत, जाहिरात, धंद्याचे निरोप, राजकीय प्रचार आणि सांकेतिक मजकूर यांना पूर्ण मनाई आहे. दुकानात माल आला का, हे विचारणेही धंद्याचा निरोप ठरते. त्रयस्थाचा निरोप पोहोचवणेही एरवी चालत नाही. नैसर्गिक आपत्तीत नेहमीची दळणवळण व्यवस्था कोलमडली असेल, तर मात्र त्यास मुभा आहे. प्रश्न २ मधील काम याच मुभेत बसते.

परवाना नसलेल्या मित्राला ऐकू द्यावे, बोलू देऊ नये. त्या कॉल साइनवरून जे जाते त्याला परवानाधारक जबाबदार असतो. स्वतःचा परवाना असलेला दुसरा हॅम आपल्या केंद्रावर, आपल्या देखरेखीखाली बोलू शकतो.

१५. १९४२ चा काँग्रेस रेडिओ हा हॅम रेडिओच होता का?

नाही, तरी नाते आहे. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे भूमिगत प्रसारण केंद्र मुंबईतून २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबरला अटक होईपर्यंत, जागा बदलत बदलत चालले. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने स्थगित केले होते, पण हौशींची कला आणि सुटे भाग शहरात होते, आणि प्रक्षेपक उभारण्यात त्यांचाच उपयोग झाला. केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. ती फ्रिक्वेन्सी सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आज ज्या चाळीस मीटर पट्टीवर मराठी हॅम रोज सकाळी भेटतात तिच्यातच ती बसते.

१६. माझ्याकडे अमेरिकेचा परवाना आहे. सुट्टीत पुण्याला आल्यावर बोलू शकतो का?

थेट नाही. अनेक देश एकमेकांचे परवाने ज्या युरोपीय व्यवस्थेखाली मान्य करतात, तिच्यात भारत नाही. येथे प्रक्षेपणासाठी डब्ल्यूपीसीची परवानगी आधी घ्यावी लागते. भारतीय नागरिक आणि परदेशी नागरिक यांच्यासाठी प्रक्रिया वेगळी असल्याने, पारपत्र कोणत्या देशाचे आहे हे अर्जात सुरुवातीलाच स्पष्ट करावे. संच सोबत आणणार असाल तर परवानगीचे कागद सामानात नव्हे, हातात ठेवावेत. परवानगी आली नाही तरी ऐकणे आणि स्थानिक हॅमना भेटणे यास कोणाची हरकत नाही.

१७. वडील हॅम होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या संचाचे आणि कॉल साइनचे काय करावे?

परवाना वारसाने मिळत नाही, आणि घरात कोणीच परवानाधारक नसेल तर संच तसाच ठेवणे योग्य नाही. निधनाची माहिती परवाना कार्यालयाला कळवावी. संच फक्त परवानाधारकालाच द्यावा किंवा विकावा, त्याच्या परवान्याची प्रत घ्यावी आणि संचाचा अनुक्रमांक लिहून दोघांच्या सह्यांचा कागद करावा. किमतीचा अंदाज नसल्याने कुटुंबांची फसवणूक होते. म्हणून जवळच्या क्लबमधील दोघा-तिघांना विचारल्याशिवाय सौदा करू नये. नोंदवह्या आणि क्यूएसएल कार्डे (झालेल्या संपर्काची पोच म्हणून आलेली कार्डे) रद्दीत देऊ नका. साठच्या किंवा सत्तरच्या दशकातील कार्डांवर त्या काळचे संच, अँटेना आणि शक्ती यांच्या नोंदी असतात, आणि जतन करण्यासाठी ती मागून घेणारे हॅम प्रत्येक शहरात सापडतात.